छत्रीला हात शेवटी लावा : फ्री डिशवरच्या ‘नो सिग्नल’चा माग

फोनवर सगळे एकच वाक्य सांगतात, “टीव्ही दिसणा नाय.” या एका वाक्याखाली निदान सात निरनिराळे बिघाड लपलेले असतात आणि प्रत्येकाचा शोध वेगळ्या जागेपासून सुरू करावा लागतो. म्हणून आधी तुमच्या घरचं लक्षण यात कुठं बसतं ते बघा.

– एकही चॅनल नाही. निळा किंवा काळा पडदा, त्यावर ‘नो सिग्नल’ची पाटी.
– चित्र येतं, पण मध्येच चौकोन चौकोन होऊन थिजतं. आवाज तुटतो.
– जोराची सर आली की जातं, सर ओसरली की पाच-दहा मिनिटांत आपसूक येतं.
– पाऊस थांबला तरी येत नाही. दुसऱ्या दिवशी चांगलं ऊन पडलं की दुपारी येतं.
– वारा सुटला की येतं-जातं.
– काही चॅनल दिसतात, काही गायब.
– मार्चच्या मध्याला किंवा ऑक्टोबरच्या तोंडाला, सकाळी अकराच्या सुमारास थोडा वेळ जातं. बाकी दिवसभर ठणठणीत.

माझं दुकान खरं तर पंखे, मिक्सर, पाण्याच्या मोटारींचं. छत्र्यांचं, म्हणजे टीव्हीच्या डिश अँटेनांचं, काम शेजारधर्मातून गळ्यात पडलं आणि मग सुटलंच नाही. गणपतीआधीचे पंधरा दिवस तर विचारू नका. मुंबईचे चाकरमानी यायचे असतात, घराला रंग लागलेला असतो, मखर उभं असतं आणि नेमका तेव्हाच टीव्ही बंद. इतक्या वर्षांत एक गोष्ट डोक्यात पक्की बसली आहे. बिघाडाने जितक्या छत्र्या बंद पडल्या, त्यापेक्षा जास्त छत्र्या बिघाड शोधताना फिरवल्यामुळे बंद पडल्या. जोडणीत पाणी शिरलेलं असतं, माणूस छपरावर चढून छत्री हलवतो, आणि मग एकाचे दोन बिघाड होतात. त्यातला दुसरा पहिल्यापेक्षा महाग.

इथे लिहिलंय ते डीडी फ्री डिशबद्दल. प्रसार भारतीने ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू केली, तेव्हा तिच्यावर ३३ चॅनल होते. महिन्याचं भाडं नाही, त्यामुळे बिघडल्यावर घरी माणूस धाडणारी कंपनीही मागे नाही. पैसे भरून घेतलेली सेवा असेल तर आधी त्यांनाच फोन करा, तुम्ही त्याचेच पैसे भरता.

पाटी कोणाची आहे?

‘नो सिग्नल’ टीव्हीसुद्धा लिहितो आणि सेट-टॉप बॉक्ससुद्धा. दोघांचा अर्थ वेगळा. बॉक्सच्या रिमोटवरचं मेनूचं बटण दाबा. पडद्यावर मेनू उमटला तर टीव्ही आणि बॉक्स यांचं नीट जुळलेलं आहे आणि दोष बॉक्सच्या पलीकडे, म्हणजे केबल-छत्रीच्या बाजूला आहे. मेनू उमटलाच नाही तर छत्रीचा काही संबंध नाही. टीव्हीच्या रिमोटवर सोर्स किंवा इनपुट दाबून एव्ही, एचडीएमआय एकेक करून बघा. मागच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिना घट्ट आहेत का ते चाचपा.

हसू नका. एका आजींच्या घरी मी शिडी खांद्यावर टाकून अख्खी घाटी चढून गेलो होतो. सुट्टीला आलेल्या नातवाने खेळायला काहीतरी जोडलं होतं आणि जाताना टीव्ही एचडीएमआयवरच सोडून गेला होता. एक बटण दाबलं, टीव्ही लागला. आजी म्हणाल्या, “झिला, मगे शिडी कित्याक हाडलंस?” (मुला, मग शिडी कशाला आणलीस?) तेव्हापासून शिडी दुसऱ्या फेरीला नेतो.

बॉक्सचा अडॅप्टर

दिवा लागतो म्हणजे बॉक्स ठीक, असं धरून चालू नका. छत्रीच्या पुढे दांड्यावर जो डबीसारखा भाग असतो तो एलएनबी. त्याला वेगळी वायर नसते. त्याला लागणारी वीज बॉक्सच त्याच केबलमधून वर पाठवतो, १३ किंवा १८ व्होल्ट. अडॅप्टर म्हातारा झाला की बॉक्सचा दिवा लागतो, मेनूही येतो, पण वर पाठवायला दम उरत नाही. बिघाड हुबेहूब छत्री गेल्यासारखा दिसतो. संध्याकाळी गावातलं व्होल्टेज पडल्यावरच टीव्ही जात असेल, किंवा बॉक्स आपोआप बंद-चालू होत असेल, तर पहिला संशय अडॅप्टरवर घ्या.

बॉक्स भिंतीवरच्या बटणातून बंद करून दोन मिनिटं थांबा, मग चालू करा. फरक पडला नाही तर शेजाऱ्याचा अडॅप्टर लावून बघा. व्होल्ट तेवढेच हवेत (बहुतेक बॉक्सना १२), अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनेचं प्लस-मायनस तेच. अडॅप्टरवर बारीक अक्षरांत हे सगळं छापलेलं असतं.

पाऊस असेल तर बसून राहा

फ्री डिशचा सिग्नल साधारण ११ गिगाहर्ट्झवर येतो. त्याची लाट जेमतेम पावणेतीन सेंटिमीटरची. एवढ्या आखूड लाटेला मुसळधार पावसाची सर म्हणजे भिंतच. थेंब तिला शोषतात, विखरून टाकतात. त्यामुळे आषाढातल्या सरीत दहा मिनिटं टीव्ही जाणं हा बिघाड नाही. सर ओसरली की येतो ना? मग छत्रीला काही झालेलं नाही. रिमझिम पावसातही जात असेल तर मात्र सिग्नल मुळातच काठावर आहे. त्याचं कारण पुढच्या तपासण्यांत सापडेल.

दुसरी थांबायची गोष्ट म्हणजे सूर्य. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५. तो नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडला आणि विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशाच्या वर, सुमारे ३६,००० किलोमीटरवर उभा आहे. वर्षातून दोनदा सूर्य आपल्या दृष्टीने नेमका त्याच्या पाठीमागे येतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गात तो मार्चच्या मध्यास आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला येतो, मागेपुढे चार-पाच दिवस, सकाळी अकराच्या आसपास. सूर्याच्या खरखरीत उपग्रहाचा बारीक आवाज बुडून जातो आणि काही मिनिटं चित्र जातं. उपाय काही नाही, चहा ठेवा. पण हे दिवस मी कॅलेंडरवर खूण करून ठेवतो. का, ते झाडांच्या भागात सांगतो.

दोन पट्ट्या

ही सगळ्यात कामाची तपासणी आहे, आणि ती खुर्चीतून होते. बॉक्सच्या मेनूत इन्स्टॉलेशन किंवा सेटअपमध्ये गेलं की दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. लोक स्ट्रेंग्थ बघून खूश होतात, पण खरं बोलते ती क्वालिटी.

स्ट्रेंग्थ म्हणजे केबलमधून काहीतरी येतंय. एलएनबीला वीज पोचली आणि तो जिवंत असला की छत्री आभाळात कुठेही तोंड करून असली तरी ही पट्टी भरते, कारण एलएनबी स्वतःचीच थोडी खरखर पाठवत असतो. क्वालिटी म्हणजे त्या खरखरीतून उपग्रहाचं बोलणं बॉक्सला समजतंय.

आता जोडी लावा. दोन्ही शून्य असतील तर वीज वर पोचत नाही किंवा एलएनबी मेला. अडॅप्टर, केबल, जोडण्या बघा. छत्री अजिबात फिरवू नका, तिचा दोष असूच शकत नाही. स्ट्रेंग्थ चांगली आणि क्वालिटी शून्य असेल तर छत्री सरकली, समोर झाड आलं किंवा बॉक्सचं सेटिंग बिघडलं. क्वालिटी वर-खाली नाचत असेल तर ढिली जोडणी, हलता खांब किंवा वाऱ्यावर डुलणारी फांदी. क्वालिटी स्थिर आहे पण थोडी कमी आहे आणि चित्र नीट दिसतं, तर काही करू नका. डिजिटल चित्र हळूहळू धूसर होत नाही. एका मर्यादेपर्यंत पूर्ण चांगलं दिसतं आणि त्या मर्यादेखाली एकदम कोसळतं. त्यामुळे क्वालिटीचे चार टक्के वाढवायला छपरावर चढण्यात काही अर्थ नाही. टीव्ही छान चालू असतानाचा आकडा मात्र बॉक्सच्या बुडाला पेनाने लिहून ठेवा. पुढल्या वर्षी तोच आकडा निम्मं काम करतो.

काहीच चॅनल गेले असतील तर

हे बहुधा एप्रिलमध्ये होतं. खासगी चॅनलना फ्री डिशवरच्या जागा लिलावाने मिळतात, आणि १ एप्रिलपासून नवीन वर्षाची मांडणी लागू होते. कोणी जागा सोडतो, कोणी दुसऱ्या जागेवर जातो. बॉक्स मात्र जुनी यादी धरून बसलेला असतो. ऑटो स्कॅन करा. चॅनल लिलावातूनच बाहेर पडला असेल तर कितीही स्कॅन केलं तरी येणार नाही, छत्रीवर राग काढू नका.

स्कॅनआधी सेटिंगमध्ये एक बघून घ्या. बाजारातला साधा युनिव्हर्सल एलएनबी असेल तर एलएनबीच्या जागी ९७५०/१०६०० निवडलेलं हवं, आणि एलएनबी पॉवर ‘ऑन’. पोरांनी बटणं दाबताना हे बदललेलं मी बऱ्याचदा पाहिलंय. तसंच, जुन्या एमपीईजी-२ बॉक्सवर एमपीईजी-४ मधले (चित्र दाबून पाठवण्याच्या नव्या पद्धतीतले) चॅनल दिसत नाहीत. शेजारच्या नव्या बॉक्सवर दिसतो आणि आपल्या जुन्यावर नाही, असा चॅनल असेल तर तो दोष नाही, बॉक्सचं वय आहे.

जोडण्या : कोकणातला खरा शत्रू

आता पान्हा घ्या, पण आधी बॉक्स बटणातून बंद करा. केबलमधून वीज वर जात असते. मधली तार बाहेरच्या जाळीला लागली तर शॉर्ट होऊन बॉक्सच जायचा.

बॉक्सच्या मागची पितळी आट्यांची जोडणी सोडवा. मधली तांब्याची तार चकचकीत हवी आणि जोडणीच्या कडेबाहेर दोन-एक मिलिमीटर आलेली हवी. काळी पडली असेल, हिरवी बुरशी धरल्यासारखी दिसत असेल, तर टोक कापून नवी जोडणी बसवा. जाळीचा एखादा केसासारखा धागा मधल्या तारेला टेकत नाही ना, एवढं बघा. तो एक धागा सगळं बंद पाडतो. जोडणी दहा-वीस रुपयांना मिळते आणि खेड्यातल्या दुकानातही असते.

मग तेच वरच्या टोकाला, एलएनबीजवळ. छत्री जमिनीवरून हात पुरेल एवढी खाली असेल तरच. आमच्याकडे जूनपासून पाऊस आणि बारा महिने खारं वारं. एलएनबीची जोडणी उघडी असली की पाणी केबलच्या आत उतरतं, जाळी कुजते, आणि बाहेरून केबल नवीकोरी दिसते. ऊन पडल्यावर दुपारी टीव्ही लागणं हे याचंच लक्षण, ओल सुकली की सिग्नल परत येतो. केबलचं टोक हातभर कापून बघा. जाळी चांदीसारखी दिसेपर्यंत मागे कापत जा. काळी जाळी कितीही पुसली तरी तिचा उपयोग नाही.

नवी जोडणी बसवल्यावर वरून रबरी टेप ताणून गुंडाळा. मी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी वापरतो आणि तीवर साधी काळी टेप. साधी टेप एकटी लावू नका, पहिल्याच उन्हाळ्यात तिचा डिंक वितळून सुटते. केबल एलएनबीतून निघाल्यावर तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी त्या झोळाच्या टोकाला ठिबकेल आणि जोडणीकडे किंवा भिंतीतल्या भोकाकडे वाहणार नाही. मधे कुठे केबलला सांधा असेल, विशेषतः कौलांखाली पिळून टेप मारलेला, तर दुसरं काही शोधत बसू नका. तो आधी काढा.

मल्टिमीटर असेल तर एक छान खात्री होते. बॉक्स चालू ठेवून केबलच्या वरच्या मोकळ्या टोकाशी मधली तार आणि जाळी यांत डीसी व्होल्ट मोजा, टोकं एकमेकांना लागू न देता. १३ किंवा १८ च्या आसपास आले तर केबल आणि बॉक्स दोन्ही विजेपुरते ठीक, आता एलएनबीवर संशय घ्यायला हरकत नाही. काहीच आलं नाही तर छत्रीकडे बघायचंच नाही.

झाड कधी आडवं आलं?

“माड तर पहिल्यापासून तिथंच आसा.” हो, पण पाच वर्षांपूर्वी तो एवढा उंच नव्हता. पावसाळा संपला की टीव्ही नीट येईना, अशी तक्रार मला भाद्रपद-आश्विनात येते. तोवर आंब्या-फणसाला नवी पालवी भरलेली असते आणि ओलं पान कोरड्यापेक्षा जास्त सिग्नल खातं.

बघायचं कुठे? आमच्या भागातून हा उपग्रह आग्नेयेला, किंचित पूर्वेकडे झुकलेला, आणि क्षितिजापासून सुमारे ५९ अंश वर आहे. ही उंची लोकांच्या लक्षात येत नाही, कारण आपली छत्री जवळजवळ उभी दिसते. ती ऑफसेट जातीची असते. तिचा एलएनबी खाली बाजूला असतो आणि ती दिसते त्यापेक्षा पुष्कळ वर बघत असते. त्यामुळे लोक नाकासमोरचं झुडूप तोडतात आणि वरून ओणवलेल्या झावळ्या तशाच राहतात.

हिशेब सोपा आहे. झाडाचा शेंडा छत्रीपेक्षा जितके मीटर उंच, त्याला झाडाच्या छत्रीपासूनच्या अंतराने भागा. उत्तर १.७ किंवा जास्त आलं आणि झाड आग्नेयेला असलं तर ते आडवं येतंय. आठ मीटरवरचा माड छत्रीपेक्षा चौदा मीटर वर गेलेला असेल, तर भागाकार १.७५. तोच माड वीस मीटरवर असता तर त्याचा काही त्रास नव्हता. झावळ्या बाजूला पसरतात, म्हणून थोडं जास्तच धरा.

हिशेब नको असेल तर वर सांगितलेले मार्च-ऑक्टोबरचे दिवस वापरा. त्या दिवसांत सकाळी अकराच्या सुमारास सूर्य नेमका उपग्रहाच्या जागी असतो. तेव्हा छत्रीच्या पत्र्यावर ज्या फांदीची सावली पडेल, तीच फांदी वर्षभर तुमचा सिग्नल अडवते. सूर्याकडे बघू नका, सावलीकडे बघा. पत्रा पूर्ण उन्हात असेल तर झाडं निर्दोष, कुऱ्हाड ठेवून द्या. ही युक्ती मला एका जुन्या छत्रीवाल्याने सांगितली आणि तिने माझी निदान दोन कलमं वाचवली.

एलएनबी

एलएनबीच्या तोंडावरचं प्लॅस्टिकचं झाकण बघा. उन्हाने तडकलं असेल तर आत पाणी गेलेलं असतं, आणि मग एलएनबी बदलणं हाच उपाय. झाकण तडकलेलं नाही पण त्यावर कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलंय, असंही बऱ्याचदा दिसतं. ओल्या फडक्याने हलकेच काढा, खरवडू नका. आतल्या मुंग्यांना मारायला फवारा मारू नका, त्या रसायनाने झाकण ठिसूळ होतं.

एलएनबी तपासायचा खरा मार्ग म्हणजे चालू असलेला दुसरा एलएनबी लावून बघणं. नवा आमच्या तालुक्याच्या बाजारात दोन-तीनशे रुपयांच्या आसपास मिळतो. बदलताना एक काम विसरू नका. जुना एलएनबी पकडीत जितका फिरवलेला आहे, त्या जागी मार्करने पकड आणि एलएनबी या दोघांवर एक रेघ ओढा. हा तिरपेपणा चुकून आलेला नसतो. आपण उपग्रहाच्या सरळ खाली नसल्यामुळे त्याच्या लाटा आपल्याकडे तिरक्या पोचतात, त्या हिशेबाने तो ठेवलेला असतो. नव्याला सरळ बसवला की क्वालिटी पडते आणि लोक नव्या एलएनबीला शिव्या देतात.

आणि आता छत्री

वानरं. आमच्याकडे छत्री सरकण्याचं हे पहिलं कारण, वारा दुसरं. वानर खांबावरून कौलांवर उडी मारताना छत्रीचा झोका घेतं आणि संपलं. साठ सेंटिमीटरच्या छत्रीची कड फक्त अर्धा सेंटिमीटर सरकली तरी छत्रीचं तोंड एक अंशाने फिरतं. ही छत्री तिच्या नजरेत जेमतेम तीन अंशांचा पट्टा पकडते, म्हणजे बरोबर मध्यापासून दोन्ही बाजूंना दीड अंश. दीड अंश म्हणजे हात लांब करून धरलेल्या करंगळीच्या जाडीपेक्षा थोडंसंच जास्त. आता सांगा, वर चढून अंदाजाने फिरवून काय साधणार?

वर चढायचंच असेल तर आधी फोटो काढा, मागच्या पट्टीवरचे अंशांचे आकडे दिसतील असे, आणि सगळ्या नटांच्या कडेला मार्करने खुणा करा. रत्नागिरीतून दिशा उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याप्रमाणे सुमारे १२८ अंश, उंची ५९. पणजीतून १२७ आणि ६१, पुण्यातून १३२ आणि ५९, नागपुरातून १४५ आणि ६०. शेजाऱ्याच्या छत्रीवर नजर ठेवून फिरवू नका, तो पैसे भरून दुसरी सेवा बघत असेल तर त्याचा उपग्रह दुसरा असू शकतो. त्यात ९५ अंशांवरच्या उपग्रहावरून एक खासगी सेवा चालते. आपल्या ९३.५ पासून ती फक्त दीड अंश दूर, म्हणून फिरवताना पहिल्यांदा तीच हाताला लागते. क्वालिटीची पट्टी भरते, लोक आनंदाने नट आवळतात, आणि स्कॅन केलं की आपले चॅनलच नाहीत.

दोन माणसं लागतात. एक वर, एक टीव्हीसमोर, फोनवर आकडा सांगणारा. आधी दिशेचे नट जेमतेम ढिले करून छत्री मिलिमीटरने सरकवा आणि दर वेळी चार सेकंद थांबा. बॉक्सला सिग्नल ओळखायला तेवढा वेळ लागतो, आणि न थांबता फिरवणारे बरोबर जागा ओलांडून पुढे जातात. क्वालिटी सर्वात जास्त येईल तिथे नट आवळा, मग उंचीचं तसंच करा. आवळताना छत्री पुन्हा थोडी हलते, म्हणून शेवटच्या आवळणीतही खालच्याला आकडा विचारत राहा.

खांब हलत असेल तर यातलं काही करू नका. आधी खांब पक्का करा. हलत्या खांबावर नीट बसवलेली छत्री पहिल्या वादळापर्यंतची पाहुणी.

नवीन घ्यायची वेळ आली तर

बऱ्याच घरांवर अजून ॲल्युमिनियमच्या दांड्यांचा जुना अँटेना उभा आहे आणि त्याची केबल नव्या टीव्हीला लावून काही मिळेल अशी आशा असते. दूरदर्शनचे जुने ॲनालॉग प्रक्षेपक २०२२ पर्यंत जवळजवळ सगळे बंद झाले. जमिनीवरून होणारं डिजिटल प्रक्षेपण मुंबईसारख्या मोजक्या शहरांपुरतंच आलं. भिंतीला चिकटवायचा चपटा ‘एचडी अँटेना’ बाजारात मिळतो तो त्या जातीच्या प्रक्षेपणासाठी. गावातल्या घरात तो शोभेचा. फ्री डिशला छत्रीच लागते.

जुन्या अँटेन्याची एक सवय मात्र सोडा, ती म्हणजे उंचीची. तेव्हा प्रक्षेपक कुठल्यातरी डोंगरावर होता, म्हणून बांबू जोडून अँटेना वर न्यावा लागायचा. उपग्रह ३६,००० किलोमीटरवर आहे, त्याला तुमच्या पाच मीटरच्या छपराचं कौतुक नाही. आग्नेयेला आभाळ मोकळं असेल तर छत्री अंगणातल्या चिऱ्याच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, हाताला येईल अशी बसवा. जोडणी पुसायला शिडी लागणार नाही आणि कौलंही फुटणार नाहीत. वानरांपासून सुटका मात्र तिथंही नाही.

आकार? साठ सेंटिमीटरची बहुतेकांना पुरते. पंचाहत्तरची घेतली तर दीडपट पत्रा मिळतो आणि पावसात थोडी जास्त तग धरते, पण ती वाराही दीडपट घेते आणि तिची नजरही जास्त अरुंद. समुद्राला लागून उघड्यावर घर असेल तर मी साठचीच सांगतो, भक्कम खांबावर. आत, डोंगराच्या आडोशाला असाल आणि आषाढात दर सरीला टीव्ही जात असेल, तर पंचाहत्तरची घ्या. नट-बोल्ट जस्ताचा मुलामा दिलेले आहेत का ते बघून घ्या. किनाऱ्यावर साधे बोल्ट दोन पावसाळ्यांत असे जाम होतात की पुढच्या वेळी छत्री फिरवायची म्हणजे कापावीच लागते. केबल आरजी-६ घ्या, एकसंध, मधे सांधा नको. तीस मीटरच्या पुढे जावं लागत असेल तर छत्रीचीच जागा बदला.

इथे थांबा

छत्रीला, केबलला किंवा बॉक्सच्या पिनेला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर तिथल्या तिथे मेन बंद करा आणि वायरमनला बोलवा. हे छत्रीवाल्याचं काम नाही, माझंही नाही. घरच्या वायरिंगचा करंट कुठूनतरी पत्र्यात उतरतोय आणि तो जीव घेतो.

शेवाळलेल्या कौलांवर, ओल्या पत्र्यावर चढू नका, कोणी घाई केली तरी. छत्रीच्या जवळून विजेची तार जात असेल तर लांब लोखंडी पाइप हातात घेऊनसुद्धा तिथे उभे राहू नका. गडगडाट होईलसं वाटलं की केबल बॉक्समधून काढून ठेवा, पण गडगडाट सुरू असताना नव्हे, ढग दाटायच्या आधीच. वीज पडून गेल्यानंतर बॉक्समधून जळका वास आला तर तो उघडू नका, दुरुस्तीवाल्याकडे न्या. बॉक्स उघडून आतला काळा पडलेला भाग बदलून चालला असं एखाद्याचं होतं, पण आत मेनचं व्होल्टेज असलेले बॉक्स असतात आणि बंद केल्यानंतरही कपॅसिटर भरलेला राहतो.

आणि एवढं सगळं करूनही स्ट्रेंग्थ भरलेली, झाड नाही, एलएनबी नवा, खांब पक्का, पण क्वालिटी शून्य असेल, तर मीटर असलेल्या माणसाला बोलवा. सॅटेलाइट फाइंडर मीटरवर तो पंधरा मिनिटांत उपग्रह धरतो, तुम्ही-आम्ही दिवस घालवू. त्याला फोन करताना “टीव्ही दिसणा नाय” म्हणू नका. दोन्ही पट्ट्यांचे आकडे सांगा, बिघाड कधीपासून आहे, पावसात होतो की उन्हात ते सांगा, आणि एलएनबीजवळच्या जोडणीचा एक फोटो पाठवा. निम्म्या वेळा तो यायच्या आधीच सांगेल काय आणायचं ते.